पान अकरा

भाड्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मिस्टर पास्तोरेक.
भाडं पहिल्या पानावर आहे, ठळक अक्षरांत,
उघड्या तोंडाने मागितलेलं.
म्हणणं आहे ते पान अकराबद्दल.
तिथे अक्षरं बारीक होत जातात,
हातशिलाईच्या टाक्यांएवढी,
आणि तसल्या टाक्यांवर मी तीस वर्षं पोट भरलंय.

सामायिक देखभाल.
बर्फ ढकलणं, पार्किंगच्या पिवळ्या रेघा,
कचऱ्याचा हिरवा डबा, गटाराची जाळी,
रस्त्याकडेच्या हातभर गवताचे लाड,
आणि या सगळ्यावर नजर ठेवल्याचे
तुमचे वरचे पंधरा टक्के.

रविवारी सकाळी सगळं बंद असताना
मी टेप घेऊन बाहेर पडले.
साठ इंची, कापडाची, कडा पिवळ्या पडलेली.
गुडघ्याएवढ्या बर्फात एका टोकाला चप्पू लावून
दुसरं टोक ओढत
पिझ्झावाल्या दिनिकोलापासून न्हाव्यापर्यंत
सबंध प्लाझाची कंबर मोजली.
पंचेचाळीस टेपा, एक फूट कमी.
(लेक गाडीतून म्हणाला, आई, लोक बघतायत.
बघू देत. लोकांची कंबर मोजतानाही लोक बघतात.)

तुम्ही मला अकरावा हिस्सा लावलाय.
माझा निघतो चौदावा.
मधलं ते मोठं दुकान, जिथे पूर्वी सिनेमे भाड्याने मिळायचे,
ते तुम्ही मोजलंच नाही.
रिकामं आहे, म्हणता.

रिकाम्या दुकानासमोर बर्फ पडत नाही?
एरी तळ्यावरून येणारा वारा
आधी आत भाडेकरू आहे का विचारतो?

मिरजेला आमच्या चाळीच्या जिन्यात एकच दिवा होता.
दर महिन्याला वडील वहीत नावं घालून
दारोदार पैसे गोळा करायचे.
पाच नंबरची खोली दीड वर्ष ओस होती.
तिच्या वाट्याचे आठ आणे आणायला ते
मालकाच्या वखारीपर्यंत चालत जायचे,
जाताना दोन मैल, येताना दोन.
आई म्हणायची, आठ आण्यांची चप्पल झिजली.
वडील म्हणायचे, झिजू दे,
वहीत भोक नको.

हे त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार?
फक्त टेप टेबलावर ठेवली.

"सगळेच भरतात, मिसेस सांगोळकर."
सगळेच वाचत नाहीत.

मग तीन तास. दोन कॉफ्या, एक त्यांच्या वकिलाचा फोन.
चौदावा हिस्सा मान्य.
छप्पर माझ्या गळ्यात नाही.
दरवर्षीची वाढ पाच टक्क्यांच्या आत,
पण बर्फ सोडून, ते म्हणाले,
बर्फाला कोण आवरणार?
एरीत राहून यावर काय बोलायचं, मी सही केली.
पंधराचे दहा मागितले, बारा मिळाले.
न्हाव्याने स्वतःचं बिल मला वाचायला दिलं होतं,
दिनिकोला म्हणाला होता, माझं नाव घेऊ नका.
घेतलं नाही. हिस्सा त्याचाही कमी झाला.

पूर्ण वेळ पास्तोरेकांच्या कोटाचं दुसरं बटण
एका दोऱ्यावर लोंबत होतं.
हात शिवशिवले.
पण ते करारात नव्हतं.

राहिला होता खांबावरचा दिवा.
दोन हिवाळे मी त्याचे पैसे भरले, तो दोन हिवाळे मेलेला.
मंगळवारी शिडी आली.

आता दुकान बंद करून कुलूप लावते
तेव्हा त्याचा उजेड माझ्या दारात जेमतेम पोचतो.
जास्त पडतो तो त्या रिकाम्या दुकानावर,
काचेवरल्या अर्धवट खरवडलेल्या अक्षरांवर.
तिथे भिंतीच्या आडोशाला
रात्रपाळीची एक नर्स बसची वाट बघते,
हातमोजे काढून, त्या उजेडात
काहीतरी वाचत.